शेवटची दोन अक्षरं

आमच्या घरात जिला सगळे ‘बेल्जियमची फुलदाणी’ म्हणत, ती बेल्जियमची नसावी अशी शंका मला आली ती तिच्यावरच्या चित्रामुळे. चित्र अगदी साधं आहे. गुडघे टेकून बसलेली एक मुलगी, पुढे केलेला तिचा हात आणि त्या हाताकडे झेपावणारे तीन पक्षी. मुलीच्या पायांखाली जमीन दाखवलेली नाही, मागे झाड नाही, कडेला वेलबुट्टी नाही. वीतभर उंचीच्या, जाड, बिनरंगी काचेवर एवढंच कोरलंय आणि बाकीची काच मोकळी सोडली आहे.

मी सोलापुरात चादरींच्या नक्षी काढतो. वडीलही तेच करायचे. ते ग्राफच्या कागदावर चौकट-चौकट रंगवत, मी संगणकावर रंगवतो. रिकामी जागा राखायला किती धीर लागतो हे आमच्या धंद्यात प्रत्येकाला ठाऊक असतं. चादरीत हातभर मोकळं अंग दिसलं की कुणीतरी म्हणतंच, इथे एक फूल टाका, इथे मोर बसवा. बेल्जियमची किंवा बोहेमियाची म्हणून जी जुनी कोरीव काच मी वाड्यांमध्ये, देवळांमध्ये, लग्नाच्या हॉलमधल्या झुंबरांमध्ये पाहिली होती, तिच्यात बोट ठेवायला जागा नसते. या फुलदाणीवर मात्र कुणीतरी मुलगी आणि तीन पक्षी काढून हात थांबवला होता. थांबणारा तो कोण, हे मला कळायला हवं होतं.

फुलदाणी माझ्या मोठ्या मावशीची. जुन्या मराठी घरांत चांगल्या काचेला बेल्जियमची म्हणायची रीतच होती: आरसा बेल्जियमचा, हंड्या बेल्जियमच्या. मावशीही तसंच म्हणायची, पण ती वस्तू तिच्याकडे आली ती अंबरनाथला. मावशीचे यजमान, आमचे नाना, तिथे विमकोत फिटर होते. विमको म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, 1923 साली स्वीडिश मॅच कंपनीनं हिंदुस्थानात काढलेली. अंबरनाथमध्ये आजही विमको नाका म्हटलं की रिक्षावाला पुढचं विचारत नाही. ‘शिप’ छाप काडेपेटी आमच्या देवघरात आणि चुलीपाशी कायम असायची, आणि ती आपल्या नानांच्या कारखान्यातली म्हणून आम्हा मुलांना तिचा अभिमान वाटायचा. नानांच्या खात्यावरच्या एका स्वीडिश साहेबाच्या मुलाला गोवर निघाला तेव्हा मावशी रात्री त्याच्या उशाशी बसली होती. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी ते कुटुंब मायदेशी परत गेलं. सामान बांधताना त्या बाईंनी ही फुलदाणी मावशीच्या हातात ठेवली. दोघींची भाषा एक नव्हती, त्यामुळे वस्तूबद्दल बोलणं काहीच झालं नसावं.

नाना गेल्यावर मावशी सोलापूरला आमच्याकडे आली, फुलदाणी साडीत गुंडाळून मांडीवर घेऊन. पुढे कितीतरी वर्षं ती शोकेसमध्ये होती, आत मोरपिसं. मावशीनंतर आई म्हणाली, तुला चित्रातलं कळतं, तू ठेव.

काचेच्या वस्तूवर करणाऱ्याचं नाव असू शकतं, हे मला लहानपणी कंदिलांनी शिकवलं. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंनी 1916 साली काचकारखाना सुरू केला. त्यांच्या कंदिलांचं ‘प्रभाकर’ हे नाव आमच्या आजीच्या पिढीला पाठ होतं. त्याआधी 1908 मध्ये लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून तळेगावला पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला होता. आपल्या भागाचं काचेशी एवढं नातं आहे, म्हणून सांगतो. तर नाव शोधायचं ते तळाशी, कडेला, जिथे नजर जात नाही तिथे.

फुलदाणीचा तळ तर धूसर होता. आत सोलापुरी पाण्याचा पांढरा थर जमलेला, बाहेरून शोकेसच्या फळीवर सरकवून सरकवून पडलेले बारीक ओरखडे. ते ओरखडेही मी नीट बघितले. वस्तू खरोखर जुनी असली की तळाच्या कडेवर वेगवेगळ्या दिशांनी गेलेल्या, कमी-जास्त लांबीच्या रेघा असतात. कुणी मुद्दाम घासून जुनी केली असेल तर त्या एकाच दिशेनं पळतात. इथे त्या सैरावैरा होत्या. व्हिनेगर घालून रात्रभर ठेवल्यावर आतला थर सुटला. तळाच्या मधोमध एक गुळगुळीत, किंचित खोलगट चकती दिसली. फुंकलेली काच ज्या सळईवर धरतात ती सळई तोडल्यावर राहिलेला खरखरीत डाग घासून, पॉलिश करून काढल्याची ती खूण. म्हणजे वस्तू साच्यात दाबून काढलेली नव्हती आणि शेवटच्या हातालाही घाई नव्हती.

अक्षरं त्या चकतीच्या कडेनं वळत गेली होती. आधी मला ती ओरखडेच वाटत होती. तळावर टाल्कम पावडर चोळली आणि मऊ कापडानं पुसून घेतली, तेव्हा पावडर फक्त कोरलेल्या रेघांत राहिली. मग खोलीतला दिवा मालवला, टॉर्च काचेच्या बाजूनं धरली आणि पिक ग्लास लावला. पिक ग्लास म्हणजे कापडाच्या इंचभर जागेत किती उभे-आडवे धागे बसलेत ते मोजायचं आमचं घडीचं भिंग. सोलापुरात ते शेकडो लोकांच्या खिशात असतं. त्या भिंगाखाली एक तिरकं, जोडून लिहिलेलं नाव उलगडत गेलं: ओरेफोर्स. त्यापुढे दुसरं नाव, पाल्मक्विस्ट. मग चार आकडे, त्यातला एक झिजलेला. मग एक अक्षर आणि एक आकडा. आणि सगळ्यात शेवटी, जरा अंतर सोडून, दोन अक्षरं: ए. आर.

ओरेफोर्स हे स्वीडनमधलं गाव आणि तिथल्या काचकारखान्याचं नाव, एवढं शोधायला वेळ लागला नाही. पण नाव मिळालं म्हणून शोध संपत नाही. सही कुणीही कोरू शकतो. काम कोरता येत नाही. मुंबईत दुसऱ्या कामासाठी गेलो असताना चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर एका दुकानदाराला फोटो दाखवले. त्यानं चित्राकडे बघून फ्रेंच म्हटलं, तळाकडे बघितलंच नाही, आणि किंमत सांगून मोकळा झाला. मला किंमत नको होती. मला हवं होतं ते कामाच्या आत लिहिलेलं असतं, आणि ते वाचायला मी त्या मुलीपाशी परत आलो.

काचेवर चित्र उमटवायच्या तीन-चार तऱ्हा आहेत. आम्लानं खाल्लेल्या काचेवर सगळीकडे सारखी, सपाट धुरकट पृष्ठं तयार होतात. वाळूचा फवारा मारून केलेलं काम जरा दाणेदार, पण खोली तिथेही बहुधा एकसारखी. हिऱ्याच्या टोकानं काढलेल्या रेघा केसासारख्या बारीक आणि उथळ असतात. चौथी तऱ्हा तांब्याच्या चाकाची, आणि ती सगळ्यात अवघड. छोट्या दांडीवर तांब्याचं चाक फिरत असतं, त्याच्या कडेला तेलात कालवलेली कुरुंदाची पूड लावतात. काच कापते ती पूड, तांबं नुसतं तिला धरून ठेवतं. कोरणारा चाक हलवत नाही, तो काच हलवतो. वस्तू दोन्ही हातांत धरून चाकाच्या खालून वर दाबायची, त्यामुळे चाक नेमकं जिथे काचेला लागतं तीच जागा त्याच्या नजरेआड जाते. तो आवाजावर आणि बोटांना जाणवणाऱ्या थरथरीवर काम करतो, मधेमधे तेल पुसून बघतो. एका चित्राला तळहाताएवढ्या चाकापासून टाचणीच्या डोक्याएवढ्या चाकापर्यंत कितीतरी चाकं बदलावी लागतात.

आमच्या फुलदाणीवरचं काम या चाकाचं आहे, ते मला मुलीच्या गुडघ्यानं सांगितलं. गुडघा काचेत सगळ्यात खोल कोरलेला आहे. पण समोरून बघताना डोळ्यांना उलटं दिसतं: जे खोल गेलंय तेच पुढे आल्यासारखं भासतं. म्हणून गुडघा आपल्याकडे येतो, खांदा मागे जातो, केस अगदी वरवर तरंगतात. बोट फिरवलं की मात्र खड्डा लागतो. आम्लानं असं कधी होणार नाही. दंड आणि पुढचा हात ही एका मोठ्या चाकाची एकच सलग ओढ आहे, मनगटाशी ती उथळ होत होत संपते. पक्ष्यांची पिसं छोट्या चाकाच्या धारेनं मारलेले तुकडे आहेत, प्रत्येकाचं एक टोक जाड आणि दुसरं निमुळतं. पक्ष्याचा डोळा म्हणजे टाचणीएवढ्या चाकाचा एक स्पर्श, आणि तो स्पर्श सोडून न देता पॉलिश केलेला. बाकी सगळं अंग धुरकट आणि डोळा तेवढा लखलखीत. मी पिक ग्लास घेऊन त्या तीन डोळ्यांपाशी कितीतरी वेळ बसून असायचो. घरच्यांना वाटे, मी अजून सहीच वाचतोय.

पुढचा मोठा टप्पा माझ्या भाचीमुळे गाठता आला. ती गोथेनबर्गला नोकरी करते. सहीचे फोटो तिला पाठवले तेव्हा ती म्हणाली, मामा, हे गाव माझ्यापासून फार लांब नाही. सुट्टीच्या दिवशी ती आगगाडीनं वेक्शोला गेली. तिथल्या स्मोलांड संग्रहालयातच स्वीडनचं काचेचं संग्रहालय आहे. तिनं तिथून पाठवलेल्या फोटोंमध्ये आमच्या मुलीच्या बहिणी होत्या: तसंच जाड बिनरंगी काचेचं अंग, तशीच एखाद-दुसरी आकृती, तशीच भोवतीची मोकळीक. तळांवर सहीची मांडणीही तीच. आधी कारखान्याचं नाव, मग चित्रकाराचं, मग नमुन्याचा क्रमांक, मग कारखान्याच्या नोंदीची खूण आणि शेवटी कोरणाऱ्याची आद्याक्षरं. म्हणजे ए. आर. हा साहेब नव्हता, मालक नव्हता, दुकानही नव्हतं. ज्याच्या बोटांखाली तो गुडघा खोल गेला तो हा माणूस.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण ओरेफोर्सची कथा मला आमच्या चादरींच्या कथेइतकीच जवळची वाटते. स्मोलांड हा दक्षिण स्वीडनमधला दगडधोंड्यांचा, हलक्या जमिनीचा, जंगलांनी भरलेला मुलूख. शेतीवर पोट भरेना म्हणून एकोणिसाव्या शतकात तिथून माणसांचे लोंढे अमेरिकेला गेले. पूर्ण स्वीडनमधून गेलेल्यांची संख्या 12 लाखांहून अधिक आहे आणि त्यात स्मोलांडचा वाटा मोठा. वेक्शोला काचेच्या संग्रहालयाशेजारीच या स्थलांतरितांची आठवण जपणारी वास्तू आहे. जे मागे राहिले त्यांच्याजवळ होतं लाकूड. काचेच्या भट्टीला ढीगभर सरपण लागतं, म्हणून 1742 साली बाराव्या कार्ल राजाच्या दोन माजी सरदारांनी कोस्टा इथे जंगलातच काचकारखाना काढला आणि पहिले फुंकणारे कारागीर बोहेमियातून आणले. त्याच स्मोलांडात येन्शोपिंग हे गाव आहे. तिथे लुंडस्ट्रम बंधूंनी 1840 च्या दशकात काड्यापेट्यांचा कारखाना घातला आणि पुढे साऱ्या जगाला सुरक्षित काडेपेटी विकली. काडीही लाकडाचीच. नानांच्या अंबरनाथच्या कारखान्याचं मूळ त्या गावाच्या धंद्यात आहे. मावशीच्या शोकेसमधली फुलदाणी आणि देवघरातली काडेपेटी एकाच जंगलातून निघाल्या होत्या, हे मला कळलं तेव्हा मी आईला मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. आई म्हणाली, मग त्या बाईंनी आपल्या माहेरचंच काहीतरी दिलं म्हणायचं.

ओरेफोर्सला आधी लोखंडाचं काम चालायचं, काच आली 1898 मध्ये. तीही साधी: शाईच्या दौती, बाटल्या, बरण्या. 1913 साली गोथेनबर्गच्या योहान एकमन या व्यापाऱ्यानं कारखाना घेतला आणि तिथे चित्रकार आणायचं ठरवलं. 1916 मध्ये सिमोन गाटे आले, 1917 मध्ये एडवर्ड हाल्ड. हाल्ड पॅरिसला मातिसकडे शिकलेले. दोघांनीही त्याआधी काचेत काम केलं नव्हतं. त्यांना काच शिकवली ती भट्टीवरच्या क्नुट बर्गक्विस्टसारख्या फुंकणाऱ्या उस्तादांनी आणि गुस्ताफ आबेल्ससारख्या कोरणाऱ्यांनी. हाल्डनं 1921 मध्ये काढलेल्या एका मोठ्या वाडग्यावर शोभेची दारू बघायला जमलेली गर्दी आहे. आकाशात उडालेले बाण आणि खाली माना वर करून उभी असलेली माणसं, सगळं चाकानं कोरलेलं. 1925 च्या पॅरिस प्रदर्शनात ओरेफोर्सचं नाव झालं, आणि मग कोरणारे हात कमी पडू लागले. म्हणून कारखान्यानं कोरणाऱ्यांची स्वतःची शाळा चालवली. गावातली, आसपासच्या खेड्यांतली मुलं तिथे चाकाशी बसून शिकायची.

आणि या शाळेतच आमच्या सहीतला दुसरा माणूस भेटतो. स्वेन पाल्मक्विस्ट 1906 साली जवळच्याच लेनहोव्डा गावी जन्मले. ओरेफोर्सच्या त्या शाळेत ते कोरणं शिकले, नंतर स्टॉकहोमला आणि पॅरिसला कलेचं शिक्षण घेतलं, आणि 1936 पासून 1971 पर्यंत कारखान्याचे चित्रकार राहिले. पुढे त्यांनी फार वेगळी कामं केली. काचेचा रस फिरत्या साच्यात टाकून केवळ वेगाच्या जोरावर वाडगे घडवायची युक्ती त्यांचीच. त्या वाडग्यांना 1957 मध्ये मिलानच्या प्रदर्शनात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पण मला ते भेटतात ते त्याआधीचे, चाकाशेजारी बसलेले. मुलीचा हात एका ओढीत का येतो, पिसांचं एक टोक नेहमी निमुळतं का, हे मला तेव्हा उमगलं. ज्यानं ती रेघ कागदावर काढली त्याला चाक कसं चालतं ते हातानं माहीत होतं. त्यानं चाकाला जे सहज येतं तेच मागितलं. माझे वडील ग्राफ काढायच्या आधी काही वर्षं मागावर बसले होते, आणि त्यांच्या नक्षीला विणकर कधी नाही म्हणत नसत. शाळेत चित्रकला शिकून थेट ग्राफवर आलेल्या पोरांच्या नक्षीत मात्र उभा धागा किती लांब तरंगेल याचा विचार नसतो, चादर दोनदा धुतली की तो धागा उसवून वर येतो.

तरीही कागदावरची रेघ सगळं सांगू शकत नाही. गुडघा किती खोल न्यायचा, हे पाल्मक्विस्टनं पेन्सिलनं कसं लिहिलं असेल? सावली देऊन थोडंफार सुचवता येतं. पण अमुक जागी काच अजून एक श्वासभर आत घ्यायची आणि तमुक जागी थांबायचं, हा निर्णय चाकाशी होतो. पक्ष्याचा डोळा पॉलिश करायचा हे कागदावर कदाचित लिहिलेलं असेल. तो तीनही वेळा त्याच गोलाईचा यावा, हे ए. आर. च्या मनगटाचं काम. एकाच क्रमांकाच्या नमुन्याच्या अनेक फुलदाण्या निघत, वेगवेगळे हात त्या कोरत. भाचीनं पाठवलेल्या फोटोंत एकाच चित्रकाराच्या दोन वस्तूंवर शेवटची अक्षरं वेगळी होती, आणि बघताना कळत होतं. एकाचे गाल भरलेले, दुसऱ्याचे कोरडे.

म्हणून फुलदाणी कुणाची, या प्रश्नाला आता माझं उत्तर असं आहे: ती ओरेफोर्सच्या भट्टीतली, स्वेन पाल्मक्विस्टच्या चित्राची आणि ए. आर. या हाताची. फुंकणाऱ्याचं नाव सहीत नाही, ही त्या सहीतली एक उणीवच. एवढं जड, एकसारख्या जाडीचं, बुडबुडा नसलेलं अंग फुंकायला एक नव्हे, चार-पाच माणसांचा गट लागतो. एक सळई फिरवतो, एक रस आणतो, एक कडा कापतो. चादरीवर तर कोरणाऱ्याइतकंही कुणाचं नाव येत नाही.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे गावाचं नाव कायद्यानं राखलेलं आहे. काठाला कारखान्याचं नाव विणलेलं असतं, ते नकली मालापासून वाचायला. पण ती चादर होते कशी ते बघा. मी नक्षी काढतो. पूर्वी तिच्यावरून कार्ड पंचिंगवाला जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायचा. लिऑनच्या जाकारनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेल्या युक्तीप्रमाणे जिथे भोक तिथे हूक उचलला जातो आणि उभा धागा वर येतो. आता पुष्कळ ठिकाणी हे काम संगणकाच्या फाइलीतून होतं. तरीही नक्षी कापडात उतरवतो तो विणकर. इंचात किती आडवे धागे बसतात हे जरा ढळलं, तर ग्राफवरचा गोल कापडावर अंडाकृती होतो. सूत ओलं आहे की कोरडं, मे महिन्यात सोलापूरच्या हवेत ते किती तटतटतं, ताण कधी सैल करायचा, तुटलेला धागा कुठल्या हुकातला, हे तो ऐकूनच ओळखतो. माझ्या कित्येक नक्षी चांगल्या दिसल्या त्या अशा हातांमुळे. जुनी गिरणी 1877 मध्ये सुरू झाली तेव्हापासून या गावात कापड होतंय. लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडली, त्या गिरण्यांमधल्या माणसांची नावं हजेरीपटांबरोबर गेली. ओरेफोर्सच्या भट्ट्याही 2013 मध्ये विझल्या. पण तिथे कुठल्याही घरातली फुलदाणी उलटी केली की एक हात अजून सापडतो.

चादरीवरही विणणाऱ्याची अक्षरं यावीत, हे मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या ओळखीच्या कारखानदारांना फोटो दाखवून सांगत गेलो. बहुतेकांना ते पटलं, पण काठाला अक्षरं वाढवायची म्हणजे प्रत्येक मागासाठी वेगळी फाइल, आणि रात्रपाळीला माणूस बदलला की पुन्हा वेगळी. अडचण खरी आहे, मी नाकारत नाही. एकानं मात्र छोट्या ऑर्डरपुरतं करून बघू म्हटलं. चादरीच्या उजव्या कोपऱ्यात, कारखान्याच्या नावाच्या खाली, विणणाऱ्याची दोन अक्षरं. त्याच्याकडे इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आहे, त्यामुळे पुठ्ठे पाडायचा खर्च नाही.

पहिल्या मागावर ज्यांचं काम आहे ते पद्मशाली समाजातले, घरात तेलुगू बोलणारे, माझ्या वडिलांच्या नक्षींवर काम केलेले गृहस्थ आहेत. फुलदाणी मी त्यांना घरी बोलावून दाखवली. त्यांनी ती हातात घ्यायच्या आधी हात धोतराला पुसले, मुलीकडे बघितलं, मग उलटी करून पिक ग्लास मागून घेतला. बऱ्याच वेळानं विचारलं, “हा ए. आर. किती वर्षं बसला असेल हो मशिनवर?” मी म्हटलं, शाळेपासून धरलं तर जन्मभर. त्यांनी मान डोलावली आणि आपली अट सांगितली: “अक्षरं तेलुगूत पाहिजेत बघा. माझी आई मला त्याच नावानं हाक मारायची.”

सध्या माझं काम तिथेच अडलंय. मराठीच्या उभ्या काना-दांड्या ग्राफवर सरळ बसतात. तेलुगू अक्षरं वाटोळी, वर तलकट्टूचा बाक, आणि चादरीचं सूत जाड; लहान आकारात प्रत्येक वळणाला पायऱ्या पडतात. अक्षर मोठं केलं तर ते कारखान्याच्या नावाला टेकतं. मालक कारखान्याचं नाव ग्राफची दोन घरं वर सरकवायला तयार झाला आहे. त्यानं मला अकरा घरं रुंदी दिली आहे, मी तेरा मागतोय.